षटकारांचा एकरी उतारा

बोरीच्या बाजारात कुणी म्हणाले, यंदा चाळीस क्विंटल सोयाबीन झाले, तर ऐकणारा लगेच वाहवा करत नाही. रान किती एकर, काळे की मुरमाड, पेरणी कधी साधली, मधल्या उघडिपीत विहिरीला पाणी होते का, एवढे विचारून झाल्यावर तो मनातल्या मनात भागाकार करतो. पाच एकरांत चाळीस म्हणजे एकरी आठ, गड्याने कमाल केली. वीस एकरांत चाळीस म्हणजे एकरी दोन, बियाणे-खताचा खर्च तरी निघाला का, हा पुढचा प्रश्न. आणि एकरी दोनही जर दुष्काळी सालातले असतील, शेजाऱ्याच्या रानात जर काहीच आले नसेल, तर त्याचाही हिशेब वेगळा. नुसत्या आकड्यावर या भागात कुणी भुलत नाही. पण अमक्याने एका हंगामात ५९ षटकार मारले, तमक्याने ७३ होमरन ठोकले, असे कानावर आले की हीच चौकस माणसे भागाकार विसरतात आणि मोठा आकडा तो मोठा फलंदाज असे मान्य करून मोकळी होतात. हंगामात सर्वाधिक षटकार किंवा होमरन मारणाऱ्यांच्या याद्या पुढच्या पानांत आहेत. त्या वाचताना हा विसरलेला भागाकार पुन्हा करावा, आणि विशेषतः ‘त्या साली पाऊस कसा होता’ हे विचारावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

बेसबॉल आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांपुरता माहीत आहे, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. तिथे मैदानाच्या टोकाला कुंपण असते. चेंडू हवेतून त्या कुंपणापलीकडे गेला की होमरन. फलंदाज आणि बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, उभे असलेले त्याचे सगळे साथीदार धाव पूर्ण करतात. म्हणजे एका फटक्यात एकपासून चारपर्यंत धावा, आणि सामना बहुधा पाच-सात धावांत संपतो. म्हणून तिथल्या होमरनचे वजन आपल्या षटकारापेक्षा पुष्कळ जास्त. अमेरिकेतला हंगाम आज प्रत्येक संघाला १६२ सामन्यांचा असतो, आणि हंगामाअखेर सर्वाधिक होमरन कुणाचे हा प्रश्न तिथे शंभराहून अधिक वर्षे चवीने चघळला जातो. क्रिकेटमध्ये हा मान तसा नवा. इंग्लंडच्या कौंटी हंगामात सॉमरसेटच्या आर्थर वेलार्डने १९३५ साली साठाहून अधिक षटकार मारले, त्याच सॉमरसेटच्या इयान बोथमने १९८५ साली ८०; पण त्यांची नोंद जाणकारांच्या वहीत राहिली. आपल्याकडे हंगामाच्या षटकारांची मोजणी घरोघरी गेली ती २००८ साली आयपीएल सुरू झाल्यावर. पहिल्याच हंगामात मुंबई इंडियन्सकडून सनथ जयसूर्याने ३१ षटकार मारून हा मान मिळवला, त्यातले ११ वानखेडेवर चेन्नईविरुद्धच्या एकाच डावात.

आधी कुंपणाचे पाहू, कारण आकडा फुगवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग तोच. १८८४ साली शिकागोच्या नेड विल्यमसनने २७ होमरन मारले. हा विक्रम पुढे ३५ वर्षे टिकला. विल्यमसन खेळाडू चांगलाच होता, पण संघाचे मैदान तलावाकाठच्या अरुंद जागेत कोंबलेले होते आणि दोन्ही बाजूंची कुंपणे २०० फुटांच्याही आत होती, म्हणजे साठ मीटरसुद्धा नाही. आधीच्या हंगामापर्यंत तिथे कुंपणापलीकडे गेलेल्या चेंडूला दोनच बेस मिळत. १८८४ पुरता नियम बदलला, तोच फटका होमरन झाला, आणि विल्यमसनच्या २७ पैकी २५ होमरन याच मैदानावर निघाले. फटका तोच, मनगट तेच; कागदावरचे एक कलम बदलले आणि विक्रम जन्माला आला. क्रिकेटही यातून सुटलेले नाही. १९१० पूर्वी चेंडू सीमारेषेवरून हवेत गेला तरी सहा धावा मिळत नसत. सहासाठी तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. त्यामुळे १९१० च्या आधीच्या फलंदाजांच्या नावापुढे षटकार जवळजवळ दिसत नाहीत, आणि कुणी त्यावरून ते मिळमिळीत खेळत असे म्हणाले तर ते अज्ञान होय. सी. के. नायडूंचा डाव नव्या नियमातला आहे. नागपूरच्या या पहिलवानी फलंदाजाने डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर गिलिगन कर्णधार असलेल्या इंग्लंडच्या एमसीसी संघाविरुद्ध ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. पाहुण्यांनीच त्यांना चांदीची बॅट भेट दिली. पुढे १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात, छत्तिशीत पोचलेले असताना, त्यांनी हंगामभरात तिसाहून अधिक षटकार मारले. आजच्या आयपीएलमधल्या तीस षटकारांशी हा आकडा बरोबरीचा दिसतो. तो बरोबरीचा नाही, हे सिद्ध कसे करायचे हाच खरा प्रश्न.

त्यासाठी बेब रूथपासून सुरुवात करावी लागते. रूथच्या आधी फ्रँक बेकर नावाचा फलंदाज होता. लोकांनी त्याचे नावच ‘होमरन बेकर’ ठेवले होते. १९११ ते १९१४ अशी सलग चार वर्षे तो अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मुख्य लीगांपैकी एक) पहिला आला, आणि त्याचे आकडे होते ११, १०, १२ आणि ९. आजच्या वाचकाला हसू येईल. पण त्या काळी एकच मऊ पडलेला, मातीने काळवंडलेला चेंडू डावभर चाले, गोलंदाजाला त्यावर थुंकी चोळायची मुभा होती, आणि जोरात मारण्यापेक्षा हुशारीने चेंडू ढकलणे हाच मोठेपणा मानला जाई. १९२० साली थुंकीचेंडूवर बंदी आली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रे चॅपमन या खेळाडूचा चेंडू डोक्याला लागून मृत्यू झाला, आणि मळलेले चेंडू लगेच बदलण्याची पद्धत सुरू झाली. चेंडू दिसू लागला, उडू लागला. हा फायदा सगळ्यांनाच मिळाला. पण त्या वर्षी रूथचे होमरन ५४, आणि लीगमध्ये दुसरा आलेल्या जॉर्ज सिस्लरचे १९. रूथचा स्वतःचा संघ सोडला तर त्या लीगमधल्या एकाही अख्ख्या संघाला मिळून ५४ होमरन मारता आले नाहीत. १९२७ साली तो ६० वर गेला. त्या हंगामात अमेरिकन लीगच्या आठ संघांचे मिळून होमरन होते ४३९. म्हणजे संघामागे सरासरी ५५, आणि हा एकटा ६०. रान सगळ्यांचे तेच, पाऊस सगळ्यांना तोच, आणि याच्या एकट्याच्या खळ्यात बाकीच्यांच्या अख्ख्या वाड्याएवढी रास.

माझे म्हणणे एवढेच आहे की हंगामाच्या मानकऱ्याला हीच मोजपट्टी लावावी: त्या साली एका सरासरी संघाने मिळून जेवढे मारले, त्याच्या किती पट याने एकट्याने मारले. दुसऱ्या क्रमांकाशी अंतर मोजण्यापेक्षा हे न्याय्य, कारण दुसरा कोण निघाला हा नशिबाचा भाग असतो. आता हीच पट्टी पुढे सरकवू. १९९८ साली मार्क मॅकग्वायरचे होमरन ७०. त्या वर्षी तीस संघांचे मिळून ५,००० च्या थोडे वर, संघामागे सुमारे १६९. म्हणजे एका संघाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. २००१ साली बॅरी बाँड्सचे ७३, जो आजही हंगामातला सर्वोच्च आकडा आहे. त्या वर्षीची सरासरी संघामागे सुमारे १८२, म्हणजे पुन्हा चाळीस टक्केच. २०२२ साली ॲरन जजचे ६२. सरासरी सुमारे १७४, म्हणजे छत्तीस टक्के. कागदावर ७३ आणि ६० यांत तेराचा फरक आहे आणि तो बाँड्सच्या बाजूने आहे. पट्टी लावली की रूथ एका संघाहून मोठा आणि बाकीचे तिघे अर्ध्या संघाहूनही लहान. आपल्या आयपीएलला हीच पट्टी लावली तर चित्र आणखी मजेशीर निघते. २०१२ साली ख्रिस गेलने ५९ षटकार मारले, आणि दुसऱ्या क्रमांकावरचे फलंदाज विशीच्या आसपास घुटमळत होते. त्या हंगामात नऊ संघांचे मिळून सुमारे ७३० षटकार, संघामागे ८१. म्हणजे गेल एकटा जवळजवळ पाऊण संघ. २०१९ चा आंद्रे रसेल ५२ षटकारांसह निम्म्या संघाहून थोडा जास्त. २०२४ साली अभिषेक शर्माने ४२ मारून पहिला मान घेतला, पण तोवर हंगामाचे एकूण षटकार बाराशेच्या वर गेले होते, संघामागे सव्वाशेच्या आसपास. म्हणजे तो एक तृतीयांश संघ. आणि जयसूर्याचे ते २००८ चे ३१? आठ संघांचे मिळून सहाशेच्या थोडे वर, म्हणजे चाळीस टक्के. ३१ हे ४२ पेक्षा मोठे निघतात. गणित चुकलेले नाही. २००८ आणि २०२४ या दोन सालांत पाऊसमान तेवढे बदलले आहे. बॅटची कड जाड झाली, २०२३ पासून ‘इम्पॅक्ट प्लेअर’मुळे संघाला एक जादा फलंदाज मिळाला, आणि आठव्या क्रमांकाचा माणूससुद्धा पहिल्या चेंडूपासून उचलून मारायला शिकला.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि तगडा आहे. धावफलकावर षटकाराच्या सहाच धावा लागतात. कुणी म्हणत नाही की यंदा षटकार स्वस्त झाले, म्हणून पाचच देऊ. मग नोंदीत हा भाव कमी-जास्त करण्याचा अधिकार कुणाला? उत्तर असे की सामना जिंकायला आकडाच लागतो, आणि त्या हंगामाचा मानकरी कोण हेही आकड्यानेच ठरावे. त्याला कुणी हात लावत नाही. अभिषेक शर्मा हा २०२४ चा पहिला, यात वाद नाही. पण ‘जयसूर्यापेक्षा अभिषेक मोठा षटकारवीर’ हे वाक्य त्या हंगामाविषयीचे उरत नाही. ते दोन हंगामांची तुलना करते, आणि तुलना करायची तर दोन्ही बाजूंची मापे सारखी करून घ्यावीच लागतात. दुसरा आक्षेप जमिनीचा. गेलचे घरचे मैदान बंगळूरचे चिन्नास्वामी, सीमारेषा जवळ, शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच. खरे आहे, पण हंगामातले निम्मेच सामने घरी होतात, आणि त्याच मैदानावर त्याच संघातून विराट कोहली आणि एबी डिव्हिलियर्सही खेळत होते. ते त्या वर्षी गेलच्या जवळपासही नव्हते. विल्यमसनच्या बाबतीत मात्र हा आक्षेप टिकतो, कारण तिथे घर आणि बाहेर यांत २५ आणि २ असा फरक आहे. पट्टी एक असली तरी ती डोळे मिटून लावायची नसते.

तिसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो. एकर म्हणजे काय, तर फलंदाजाला मिळालेले चेंडू. गेल सलामीला यायचा. २०१२ च्या ५९ षटकारांसाठी त्याला साडेचारशेहून अधिक चेंडू मिळाले, साधारण पावणेआठ चेंडूंमागे एक. रसेल २०१९ मध्ये बहुधा डावाच्या उत्तरार्धात यायचा. त्याला मिळाले सुमारे अडीचशे चेंडू, म्हणजे पाच चेंडूंच्याही आत एक षटकार. एकरी उताऱ्याने रसेल गेलच्या किती तरी पुढे. बाँड्सचेही तसेच. २००१ साली गोलंदाजांनी त्याचा एवढा धसका घेतला होता की १७७ वेळा त्याला मारण्याजोगा चेंडूच न देता फुकट बेसवर सोडले, आणि उरलेल्या ४७६ संधींत त्याने ७३ होमरन मारले. रूथला ६० साठी ५४० संधी लागल्या होत्या. हा आक्षेप मान्यच करायला हवा. पण तो पावसाच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. एकाच सालातल्या दोन रानांची तुलना करताना एकरी उतारा पुरतो, म्हणून २०१९ चा रसेल त्याच सालच्या इतरांशी ताडून पाहायला चेंडूंचा भागाकार उत्तम. दोन वेगळ्या सालांची तुलना करताना आधी साल पाहावे लागते. दोन्ही भागाकार हवेत. अडचण अशी की पहिला हल्ली सगळे करतात आणि दुसरा कुणीच करत नाही.

अर्धवट भागाकाराने किती अन्याय होतो याचा नमुना म्हणजे रॉजर मॅरिस. १९६१ साली रूथचा ६० चा विक्रम मोडण्याच्या वाटेवर तो होता, आणि त्याच वर्षी अमेरिकन लीगचा हंगाम १५४ वरून १६२ सामन्यांचा झाला होता. जुलै महिन्यात बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केले की १५४ सामन्यांच्या आत ६० ओलांडले तरच ते खरे, नाही तर दोन विक्रम वेगवेगळे नोंदले जातील. फ्रिक पूर्वी पत्रकार होते आणि रूथच्या नावाने छापले जाणारे लेख तेच लिहून देत, ही गोष्ट लोकांच्या लक्षात होती. मॅरिसचे १५४ सामन्यांअखेर ५९ झाले; ६१ वा होमरन त्याने हंगामाच्या शेवटच्या दिवशी, १ ऑक्टोबरला, मारला. नोंदवहीत त्याच्या आकड्यापुढे फुलीची खूण कधी छापली गेलीच नाही, पण दोन वेगळ्या ओळी तीस वर्षे राहिल्या. १९९१ साली नोंदी तपासणाऱ्या समितीने ते वेगळेपण काढून टाकले, तेव्हा मॅरिसला जाऊन सहा वर्षे होत आली होती. गंमत अशी की फ्रिक यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आठ सामने जास्त म्हणजे रान मोठे, हे बरोबरच. चूक ही की त्यांनी मॅरिसला सोयीची पडलेली तेवढीच एक गोष्ट मोजली. रूथ दिवसाउजेडी खेळला, मॅरिस रात्री दिव्यांखाली. रूथच्या संघाला गावोगाव आगगाडीने जावे लागे, पण देशाच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत नाही. यातले काहीच विचारले गेले नाही. एकच अट निवडून तिचाच हिशेब करणारा माणूस निकाल आधी ठरवतो आणि भागाकार नंतर.

पाऊस नैसर्गिक असतो. खेळातले पाऊसमान मात्र कार्यालयात बसून बदलता येते. जपानमध्ये सादाहारू ओह यांनी १९६४ साली ५५ होमरन मारले, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो आकडा तसाच राहिला. १९८५ साली रँडी बास ५४ वर पोचला, तेव्हा शेवटच्या सामन्यांत समोर होता ओह यांनीच मार्गदर्शन केलेला संघ, आणि त्याच्या गोलंदाजांनी बासला खेळण्याजोगा चेंडू जवळजवळ दिलाच नाही. पुढे २००१ आणि २००२ साली दोघे परदेशी खेळाडू ५५ वर येऊन थांबले. २०११ मध्ये तिथल्या लीगने सगळ्या संघांसाठी एकच चेंडू ठरवला, आणि होमरन एकदम आटले. मग २०१३ साली ते पुन्हा भरभरून येऊ लागले. खेळाडूंना संशय आला, लीगने आधी कानावर हात ठेवले, आणि जूनमध्ये कबूल केले की चेंडू गुपचूप अधिक उसळता करण्यात आला होता. आयुक्त र्योझो कातो यांना पद सोडावे लागले. त्याच हंगामात व्लादिमिर बॅलेंटिनने ६० होमरन मारून ओह यांचा विक्रम मोडला. इथे घाईने निकाल देणाऱ्याची पंचाईत होते. चेंडू बदलला, म्हणून बॅलेंटिन खोटा? त्याच चेंडूने खेळून त्याच्या लीगमधला दुसरा ४१ वर थांबला. उसळी सगळ्यांना मिळाली, ६० एकालाच जमले. आकडा फुगलेला आहे आणि फलंदाज अस्सल आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. नुसता आकडा पाहणाऱ्याला त्यांतले एकच दिसते.

उत्तेजकांचा प्रश्न याच्याच शेजारचा. मॅकग्वायरने २०१० साली उत्तेजके घेतल्याचे स्वतः कबूल केले. बाँड्सवरचा वाद अजून धुमसतो. त्यांची नावे यादीतून काढावीत असे सुचवणारे पुष्कळ आहेत. या संग्रहात ती ठेवली आहेत, कारण झालेला होमरन न झालेला करता येत नाही. पण वर पाहिलेच की पट्टी लावल्यावर ७० आणि ७३ हे आकडे चाळीस टक्क्यांवर येऊन बसतात, म्हणजे जजच्या छत्तीस टक्क्यांच्या थोडेसेच वर. त्या दशकात एकूणच पीक अवाच्या सवा आले होते, आणि ते कशाने आले हे आता सर्वांना ठाऊक आहे.

आता माझ्याच मोजपट्टीवरचा सगळ्यात अवघड आक्षेप. बरोबरीच्यांशी तुलना करायची म्हणता, पण बरोबरीला कुणाला उभे राहू दिले होते? रूथच्या काळात काळ्या खेळाडूंना त्या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा ती भिंत पडली. जॉश गिब्सनसारखा जबरदस्त फलंदाज आयुष्यभर वेगळ्या लीगमध्ये खेळला आणि रॉबिन्सन उतरण्याच्या काही महिने आधी वारला. उत्तमातले किती तरी फलंदाज बाहेर ठेवून काढलेली सरासरी खालीच येणार आणि रूथ त्या प्रमाणात उंच दिसणार. आपल्याला हे परके वाटू नये. पळवणकर बाळू हे भारतातले त्या काळचे अव्वल गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. जातीमुळे पुण्यात त्यांना चहा तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून मिळे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. बाळूंना निदान खेळता आले. ज्यांना मैदानाच्या कडेपर्यंतही येऊ दिले नाही त्यांचे बळी कुठल्याच वहीत नाहीत. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. भागाकारातून गाळलेली माणसे परत येत नाहीत. म्हणून रूथचे ‘एका संघाहून मोठा’ हे माप मी वापरतो, पण त्याच्यापुढे ‘बंद दाराच्या लीगमध्ये’ असे लिहूनच. अमेरिकेत २०२४ साली त्या वेगळ्या लीगच्या नोंदी मुख्य नोंदींत सामील करून घेतल्या, हे उशिरा झाले तरी झाले. तिथल्या हंगामांत सामने कमी असल्याने हंगामातल्या होमरनच्या आकड्यांत मात्र फारसा बदल झाला नाही.

महाराष्ट्र संघाच्या दोन डावांकडे एकदा शेजारी ठेवून पाहावे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकरांनी नाबाद ४४३ केल्या. त्यात चौकार ४९ आणि षटकार फक्त एक. ब्रॅडमनच्या ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. आणि २८ नोव्हेंबर २०२२ ला अहमदाबादला, विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात उत्तर प्रदेशविरुद्ध ऋतुराज गायकवाडने नाबाद २२० केल्या. षटकार १६, त्यातले सात एकाच षटकात, एक नोबॉल धरून. निम्म्या धावांत सोळापट षटकार. एक चार दिवसांच्या खेळातला, दुसरा पन्नास षटकांतला, हा फरक धरूनही यावरून निंबाळकरांना उचलून मारता येत नव्हते असे म्हणणारा क्रिकेट जाणत नाही. त्यांच्या काळात चेंडू हवेत जाणे म्हणजे कर्णधाराची बोलणी खाणे. ऋतुराजच्या काळात न जाणे म्हणजे चेंडू वाया घालवणे.

शेवटी गावच्या मैदानाबद्दल, कारण ही पाने तिथेच जास्त वाचली जातील. कापसाची वेचणी आटोपली की जिंतूर तालुक्यात काय, सगळ्या मराठवाड्यातच टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. ध्वनिक्षेपकावरून समालोचक पुढच्या षटकाराला कुणाकडून किती रोख बक्षीस ते ओरडत असतो, आणि अखेरच्या दिवशी सर्वाधिक षटकार मारणाऱ्याला चषक मिळतो. तरुण पोरांचा आक्षेप ठरलेला आहे: सिक्सर मोजायचे सोडून हे हिशेब कोण करत बसणार, मजा जाईल. मजा जात नाही. उलट मागच्या वर्षीचा मानकरी मोठा की यंदाचा, या पारावरच्या भांडणाला दारूगोळा मिळतो. त्यासाठी धावपत्रिकेच्या वहीत चारच रकाने जास्त आखावे लागतात: सामने किती षटकांचे, चेंडू साधा टेनिस की जड, सगळ्या संघांचे मिळून षटकार किती, आणि सीमारेषा किती लांब. पहिले तीन सोपे आहेत. चौथ्यासाठी फीत नसेल आणि पावलांनीच मोजायचे असेल, तर दरवर्षी मोजणारा माणूस एकच ठेवावा. दोघांच्या पावलांत चार बोटांचा फरक असला तरी साठ पावलांत तो चार-साडेचार मीटरवर जातो, आणि तेवढ्यात झेल आणि षटकार दोन्ही बसतात.

बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी